काच कापावी कशी?

लाकूड कापता येते, पत्रा कापता येतो, कापड तर कातरीच्या एका चालीसरशी दुभंगते. काच मात्र कापता येत नाही. हे विधान वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. बाजारातील तसबिरी मढविणारा कारागीर दिवसातून कितीतरी वेळा काच कापतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. फूटपट्टी ठेवली, हातातील हिरकणी एकदा सर्रकन ओढली, काच टेबलाच्या कडेशी आणून किंचित दाबली, आणि टक् असा आवाज होऊन दोन सरळ तुकडे त्याच्या हातात आले! मग काच कापता येत नाही, हे कसे?

त्याचे उत्तर असे की, तो कारागीर काच कापीत नसतो. तो ती फोडीत असतो. फरक एवढाच की, आपल्या हातून काच फुटते ती तिच्या मर्जीप्रमाणे आणि त्याच्या हातून फुटते ती त्याच्या मर्जीप्रमाणे. तडा कोठून सुरू व्हावा, कोणत्या वाटेने जावा आणि कोठे संपावा, हे त्याने आधी ठरविलेले असते. ही एक गोष्ट नीट ध्यानात आली म्हणजे घरच्या घरी काच कापण्याची आणि काचेस भोक पाडण्याची सारी विद्या उलगडू लागते. ती ध्यानात न घेता जो केवळ उत्तम हत्यारे विकत आणतो, त्याची काच मात्र पहिल्याच दाबासरशी नको तेथे दुभंगते.

खेड्यातील कुटुंबाला ही विद्या अगदीच निरुपयोगी आहे असे नाही. पावसाळ्यातील एखाद्या वादळी रात्री खिडकीचे झडप आपटते आणि तावदान फुटते. दिवाणखान्यातील येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर भिंतीवरून निसटते, किंवा वडीलधाऱ्यांच्या लग्नाच्या छायाचित्रावरील काचेस तडा जातो. मापाची काच तालुक्याच्या गावाहून आणावी, तर बसच्या गर्दीतून ती सांभाळून आणणे हे एक दिव्यच. आणि घरी आणल्यावर ती चौकटीपेक्षा एक सूत मोठी निघाली, तर सारा खटाटोप व्यर्थ. उलट फुटलेल्या मोठ्या तावदानातून लहान तसबिरीपुरती चांगली काच बहुधा निघते. ती काढता आली म्हणजे चार पैसे वाचतात, आणि टाकाऊ म्हणून कोठे तरी भिरकावली जाणारी काच पुन्हा कामी येते.

काच का फुटते?

नित्याच्या वापरातील काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुनखडी यांचा वितळून एकजीव झालेला रस होय. तो थंड होताना त्यात मिठासारखे किंवा साखरेसारखे स्फटिक बनत नाहीत. लाकडाला जसे रेषांचे वळण असते आणि कुऱ्हाडीचा घाव त्या वळणाने चिरत जातो, तसे काचेला अंगचे वळण मुळीच नसते. म्हणून तडा एकदा सुटला की जिकडे ताण असेल तिकडे तो धावतो.

काचेचा दुसरा स्वभाव असा की, ती दाब पुष्कळ सहन करते, परंतु ताण सहन करीत नाही. काच वाकविली की तिची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते. फुटण्याची सुरुवात होते ती या ताणलेल्या बाजूस. आता ती नेमकी कोठे फुटणार? या प्रश्नाचा उलगडा ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२० साली केला. त्याने काचेचे अतिशय बारीक धागे ओढून त्यांची ताकद मोजली. धागा जितका बारीक, तितकी त्याच्या जाडीच्या मानाने त्याची ताकद अधिक, असे त्यास आढळले. यावरून त्याने असा निष्कर्ष काढला की, काच मुळात दुर्बळ नाही. तिच्या अंगावरील सूक्ष्म भेगा तिला दुर्बळ करतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या अशा भेगांच्या टोकाशी सारा ताण एकवटतो, आणि त्यांपैकी जी सर्वांत खोल तिथून काच दुभंगते.

कारागिराची हिरकणी काय करते, हे आता सांगावयास नको. असंख्य अदृश्य भेगांमध्ये ती आपल्या सोयीची, सर्वांहून खोल अशी एक भेग सलग आखून देते. नंतर काच वाकविली की ताण त्या भेगेशी जमा होतो आणि तडा तिच्याच वाटेने जातो. म्हणजे रेघ ओढणे हे अर्धे काम आणि तिच्यावर ताण देणे हे उरलेले अर्धे. या दोन्ही कामांत शक्तीची गरज फार थोडी; गरज असते ती अचूकपणाची.

जुन्या काळची युक्ती

हिरकणीचा प्रघात पडण्यापूर्वी काच कशी कापीत असत, याचे वर्णन एका मठवासी संन्याशाने लिहून ठेवले आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात थिओफिलस हे नाव धारण करणाऱ्या या संन्याशाने विविध कलांविषयी लॅटिन भाषेत एक ग्रंथ लिहिला, आणि त्याचा एक संपूर्ण भाग काचेला वाहिला. चर्चच्या खिडक्यांतील रंगीत चित्रांसाठी काचेचे वेडेवाकडे तुकडे लागत. त्यासाठी लोखंडी सळई तापवून ती काचेच्या कडेस टेकवावी, तडा दिसू लागला की सळई आखलेल्या रेषेवरून हळूहळू पुढे न्यावी, म्हणजे तडा तिच्या मागोमाग येतो, असे तो सांगतो. काच कठीण असेल, तर त्या जागी बोटाने थोडी थुंकी लावावी, असाही त्याचा सल्ला आहे. शेवटी खाच असलेल्या लोखंडी हत्याराने कडा कुरतडून तुकड्यास हवा तो आकार देत असत.

युक्ती साधी, पण तत्त्व तेच. तापलेली जागा प्रसरण पावते, शेजारची थंड जागा पावत नाही. त्या ओढाताणीतून जो ताण उत्पन्न होतो त्याच्या आधारे तडा हाताशी धरून नेता येतो. पुढे काचेवर रेघ ओढण्यासाठी हिऱ्याचे टोक वापरात आले, आणि १८६९ साली अमेरिकेत पोलादी चाकाच्या कटरचे पेटंट घेतले गेले. आज बाजारात जो स्वस्त कटर मिळतो तो याच घराण्यातला. चांगल्या कटरचे चाक पोलादाऐवजी टंगस्टन कार्बाइड या फार कठीण पदार्थाचे असते आणि ते दीर्घकाळ टिकते.

आपल्याकडे तावदानाची काच सर्वांना सुलभ झाली ती फार उशिरा. गोव्यातील जुन्या घरांच्या आणि चर्चच्या खिडक्यांना शिंपल्यांची पातळ, दुधी तावदाने बसविलेली आजही काही ठिकाणी दिसतात. लोकांनी एकेक पैसा देऊन उभारलेल्या पैसा फंडातून तळेगाव येथे काचेचा कारखाना निघाला तो १९०८ साली; आणि त्यानंतर ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचला. त्या कंदिलाची काच पुसताना घरातील वडील माणसे मुलांना हात लावू देत नसत. काच जपण्याची ती सवय आजही सोडण्याजोगी नाही.

कोणत्या काचेस हात लावू नये

काम आरंभण्यापूर्वी काच ओळखावी. ज्या काचेस कडक केलेली, म्हणजेच टफन्ड काच म्हणतात, ती घरी तर नाहीच, पण कारखान्यातही कापता येत नाही. तिला आधी मापात कापून, भोके पाडून, मगच कडक करतात. मोटारीच्या बाजूच्या खिडक्या, काचेचे मोठे दरवाजे, गॅसच्या शेगडीचा काचेचा पृष्ठभाग, शीतकपाटातील फळ्या या बहुधा अशा काचेच्या असतात.

ही काच ६०० अंश सेल्सिअसहून अधिक तापवून तिच्यावर थंड हवेचे झोत सोडतात. वरचा थर आधी थिजतो. आतला थर मागाहून थंड होऊन आकसू पाहतो आणि वरच्या थरास आवळून धरतो. त्यामुळे वरून दाब आणि आत ताण अशी ती कायमची अवघडलेली असते. सतराव्या शतकात युरोपातील विद्वानांना ज्या काचेच्या थेंबांनी चक्रावून सोडले, त्यांचे मर्म हेच. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की त्याला पुढे डोके आणि मागे बारीक शेपूट येते. डोक्यावर हातोडी मारली तरी ते फुटत नाही, पण शेपटीचे टोक मोडताच साऱ्या थेंबाचा क्षणार्धात चुरा होतो. टफन्ड काचेवर खोल रेघ ओढणे किंवा तिला भोक पाडू लागणे म्हणजे त्या थेंबाची शेपूट मोडणेच होय. कोपऱ्यात कारखान्याचा बारीक शिक्का आणि सर्व कडा घासून गुळगुळीत केलेल्या, अशी काच दिसल्यास ती बाजूस ठेवावी. आणि संशय असेल तेथेही न कापणे हेच शहाणपण.

मोटारीच्या पुढची काच दोन काचांमध्ये चिकट पारदर्शक पापुद्रा घालून केलेली असते, आणि काही तावदानांत तारेची जाळी असते. ही दोन्ही कामे नवशिक्याची नव्हेत. तसेच अनेक पावसाळे सोसलेली जुनी काच कापताना हात जपून चालवावा. तिच्या अंगावर ओरखडे पुष्कळ झालेले असतात, आणि रेघ सोडून तडा त्यांपैकी एखाद्याकडे वळण्याचा संभव असतो. त्यातून ती लहरदार असेल तर टेबलावर सपाट बसत नाही. नव्या काचेवर हात बसल्यावाचून जुन्या काचेच्या वाटेस जाऊ नये.

रेघ ओढताना

प्रथम स्वतःची तयारी. डोळ्यांवर संरक्षक चष्मा, पायांत बंद वहाणा, अंगात लांब बाह्यांचा सदरा. काच उचलताना जाड हातमोजे घालावेत. मुले आणि घरातील जनावरे खोलीबाहेर ठेवावीत. सपाट टेबलावर जाड कापड किंवा वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या पसराव्यात. काच साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. धुळीचा एक कण चाकाखाली आला तरी रेघ तेथे खंडित होते, आणि खंडित रेघ म्हणजे तड्याला दिलेली मोकळीक.

माप घेताना चौकटीच्या खाचेपेक्षा काच दोन्ही अंगांनी २ ते ३ मिलिमीटर कमी धरावी. खाचेत आवळून बसविलेली काच लाकूड पावसाळ्यात फुगले की आपोआप तडकते. कटरचे चाक त्याच्या डोक्याच्या मध्यभागी असल्यामुळे फूटपट्टी आखलेल्या रेषेवर ठेवून चालत नाही. ती डोक्याच्या निम्म्या रुंदीइतकी, म्हणजे सुमारे २ ते ३ मिलिमीटर, अलीकडे ठेवावी. काटकोन सुताराच्या गुण्याने तपासावा. फूटपट्टी लाकडी आणि जाड असली तर सरकत नाही.

आता चाकास रॉकेलचा किंवा पातळ यंत्रतेलाचा थेंब लावावा. कटर लेखणीप्रमाणे, बहुतेक उभा धरून, पलीकडच्या कडेच्या किंचित अलीकडून आरंभ करावा आणि एकाच वेगाने, एकाच दाबाने, न थांबता आपल्याकडे ओढीत आणावा. अलीकडच्या कडेशी पोहोचताच दाब कमी करावा, नाहीतर चाक कडेवरून आपटून तेथे टवका उडतो. दाब बरोबर असेल तर बारीक, अखंड असा किर्र आवाज येतो आणि रेघ केसासारखी दिसते. रेघ पांढरी, जाड आणि भुकटी उडविणारी दिसली, तर दाब जास्त झाला असे समजावे. अशी रेघ डोळ्यांना ठसठशीत वाटते खरी. परंतु तिच्या बाजूंना भेगा फाकलेल्या असतात आणि तडा त्यांपैकी कोणत्याही फाट्याने जाऊ शकतो.

येथे एक नियम विसरता कामा नये: एका जागी एकच रेघ. पहिली फिकी वाटली म्हणून तिच्यावरून चाक पुन्हा फिरविण्याचा मोह अनावर होतो. परंतु दुसऱ्या रेघेने पहिलीचे काम बिघडते आणि चाकाची धारही बोथट होते. फिकी रेघ तशीच सोडून एका बाजूस नवी ओढणे, किंवा आधी निकामी तुकड्यावर दहा वेळा सराव करणे, हे केव्हाही बरे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो. उतावळा काचकाप्या बहुधा बोटाला पट्टी बांधतो.

तडा सोडताना

रेघ ओढल्यावर काच फार वेळ पडू देऊ नये. भेगेच्या टोकाशी असलेला ताण जसजसा निवत जातो तसतशी काच आपल्या रेषेने तुटेनाशी होते. म्हणून मिनिटाच्या आतच पुढचे काम उरकावे. काच लहान असल्यास रेघेच्या दोन्ही बाजूंना, एकाच टोकाशी, दोन्ही हातांचे अंगठे वर आणि वळलेल्या मुठी खाली ठेवाव्यात. मग वाळलेली भाकर मोडावी तशी ती खाली आणि बाहेर वाकवावी. काच मोठी असल्यास रेघेच्या बरोबर खाली दोन्ही टोकांशी आगकाडी ठेवून दोन्ही बाजूंवर तळहाताने एकदम हलका दाब द्यावा. किंवा रेघ टेबलाच्या कडेवर आणून बाहेर आलेला भाग खाली दाबावा. प्रत्येक वेळी रेघ वरच्या बाजूस हवी. कारण वाकविल्यावर ताण पडतो तो वरच्या बाजूस, आणि भेग ताणातच उघडते.

पट्टी फार अरुंद असेल तर बोटांना पकड मिळत नाही. अशा वेळी टोकाशी कापड गुंडाळलेली पकड वापरावी. तडा मध्येच अडला तर जोर न करता काच उलटी धरून रेघेच्या मागच्या बाजूने कटरच्या मुठीने हलके हलके ठोकावे. तडा पुढे सरकताना डोळ्यांना दिसतो.

बाहेरच्या बाजूस फुगणारी सौम्य वक्र रेषा घरी साधते. ती एका दमात तोडावयाची नसते; वक्र रेघेपासून कडेपर्यंत अनेक सरळ रेघा ओढून बाहेरचे तुकडे एकेक करून सोडवावेत. परंतु आत शिरणारा काटकोन, म्हणजे काचेच्या कोपऱ्यातून चौकोनी तुकडा काढणे, हे घरच्या हत्यारांनी होत नाही. तडा कोपऱ्यावर काटकोनात वळत नाही. तो सरळ पुढे जातो आणि उरलेली काच निकामी करतो. आरसा कापावयाचा असल्यास रेघ समोरच्या, काचेच्या बाजूने ओढावी. पाऱ्याच्या बाजूने नव्हे.

तुटलेली कड सुरीसारखी धारदार असते. पाण्यात चालणारा एमरी कागद लाकडाच्या ठोकळ्यास गुंडाळून, तो ओला ठेवून, कडेवरून तिरपा फिरवावा. कोरडी घासाई करू नये, कारण काचेची भुकटी श्वासाबरोबर आत जाते.

भोक पाडताना

रेघ ओढताना आपण तड्याला वाट दाखवितो. भोक पाडताना मात्र तडा मुळीच सुटू नये अशी खबरदारी घ्यावयाची असते. म्हणून येथे पद्धत उलटी: कापणे नाही, फोडणे नाही, केवळ झिजविणे. जुने कारागीर तांब्याच्या नळीला सामत्याच्या दोरीने गरगर फिरवीत आणि तिच्या तोंडाशी कुरुंदाची पूड व पाणी घालीत. मऊ तांबे काच कापू शकत नाही. परंतु त्यात रुतून बसलेले कठीण कण काचेची वर्तुळाकार झीज करतात. आज मिळणारे हिऱ्याच्या कणांनी मढविलेले पोकळ पाते हे त्याच नळीचे सुधारलेले रूप. भाल्याच्या टोकासारखे कार्बाइडचे पातेही चालते. भिंतीचे किंवा लाकडाचे पाते मात्र काचेवर कधीही लावू नये, आणि ड्रिलमधील ठोके देणारी योजना बंद आहे ना, हे दोनदा पाहावे.

भोकाची जागा कडेच्या फार जवळ नसावी. भोक आणि कड यांच्यामध्ये काचेच्या जाडीच्या दुपटीहून अधिक अंतर असावे, आणि कोपऱ्याशी त्याहूनही अधिक. भोकाचा व्यास काचेच्या जाडीपेक्षा कमी धरू नये. काचेखाली सपाट लाकडी फळी पूर्ण टेकेल अशी ठेवावी. भोकाभोवती कणकेचे किंवा लुकणाचे बोटभर उंच आळे करून त्यात पाणी भरावे. पाण्यामुळे पाते आणि काच दोन्ही थंड राहतात, आणि भुकटी उडत नाही. मात्र पाणी आणि वीज यांची गाठ वाईट. शक्यतो हाताने फिरवावयाचे किंवा बॅटरीवर चालणारे यंत्र वापरावे. तारेचे यंत्र असल्यास हात कोरडे ठेवावेत आणि पाणी यंत्रावर येऊ देऊ नये.

पोकळ पाते सपाट टेकवून सुरुवात केली तर ते काचेवर नाचू लागते. म्हणून ते प्रथम तिरपे धरून चंद्रकोरीसारखी खाच पाडावी आणि फिरते असतानाच हळूहळू उभे करावे. गती कमी, दाब इतका हलका की जणू यंत्राचे स्वतःचे वजनच काय ते काचेवर आहे. दर थोड्या वेळाने पाते उचलावे, म्हणजे पाणी आत शिरते आणि पांढरा गाळ बाहेर येतो. एवढ्याशा भोकास काही मिनिटे सहज लागतात, लागू द्यावीत. बहुतेक काचा फुटतात त्या अगदी शेवटी. तळाशी कागदासारखा पातळ थर उरलेला असतो, हात अधीर होतो, आणि पाते आरपार जाताना खालून टवके उडून त्यातूनच तडा सुटतो. म्हणून शेवटी दाब निम्म्याने कमी करावा. किंवा काच उलटून दुसऱ्या बाजूने भोक पुरे करावे.

भोक झाले म्हणजे काम संपले असे नाही. स्क्रू भोकापेक्षा बारीक असावा आणि काच व धातू यांच्यामध्ये रबराची चकती असावी. धातू काचेस थेट भिडला आणि स्क्रू आवळला, की श्रमाने पाडलेल्या त्याच भोकातून तडा निघतो.

बाटलीविषयी थोडेसे

बाटलीचा गळा काढून फुलदाणी किंवा नाताळच्या गोठ्यासाठी दिव्याची काच करावी, असे मुलांना फार वाटते. रॉकेलमध्ये भिजविलेला दोरा बाटलीभोवती गुंडाळून पेटवावयाचा आणि बाटली थंड पाण्यात बुडवावयाची, ही युक्ती सर्वतोमुखी आहे. तिच्यात दोन दोष आहेत. एक आगीचा, आणि दुसरा असा की, काचेवर आधी रेघ नसल्यामुळे तडा वाटेल तसा भटकतो.

त्यापेक्षा बाटली आडव्या ठोकळ्यांना टेकवून फिरवीत कटरने सभोवार एकच रेघ ओढावी, आणि तिचे आरंभ व शेवट बरोबर मिळवावेत. मग रेघेवर प्रथम गरम पाण्याची आणि लगेच थंड पाण्याची धार सोडावी. असे आळीपाळीने करीत बाटली फिरवावी. एक मीटर लांबीची साधी काच एका अंशाने तापली तर मिलिमीटरच्या सुमारे ९ हजाराव्या भागांइतकी वाढते. ही वाढ नगण्य दिसते. परंतु बाहेरचा थर एकाएकी आकसताना आतील गरम थर तसाच राहिला, तर रेघ उघडण्यास ती पुरेशी होते. प्रयोगशाळेतील किंवा स्वयंपाकाच्या उष्णतासह काचेची वाढ याच्या साधारण एकतृतीयांश असते, म्हणून तिच्यावर ही युक्ती सहसा चालत नाही. कापलेल्या बाटलीची कड पुष्कळ घासली तरी तिचा पेला करून ओठांस लावू नये.

उरलेले तुकडे

काम झाल्यावर टेबल हाताने झाडू नये. ओल्या कापडाने अथवा ओल्या वर्तमानपत्राने पुसून घ्यावे, ते कापड पुन्हा वापरू नये, आणि दिवा तिरपा धरून जमीन पाहावी. उभ्या उजेडात न दिसणारा कण तिरप्या उजेडात चमकतो. काचेचा कण डोळ्यात गेल्यास डोळा चोळू नये. सुटी भुकटी असेल तर स्वच्छ पाण्याने धुवावी. कण रुतला असेल तर तो काढण्याचा प्रयत्न न करता डोळा हलका झाकून रुग्णालय गाठावे. मोठा तुकडा मांसात रुतला तर तोही घरी उपसू नये. त्याच्या दोन्ही बाजूंनी दाब देऊन रक्त थांबवावे आणि डॉक्टरकडे जावे.

आणि हे तुकडे टाकावयाचे कोठे? खेड्यात बहुधा ते उकिरड्यावर जातात. उकिरड्याचे खत होते, खत शेतात जाते, आणि काच कुजत नाही. पुढच्या पावसाळ्यात गुडघाभर चिखलात अनवाणी भात लावणाऱ्या बाईच्या टाचेत ती सापडते, किंवा चारा हुंगणाऱ्या गाईच्या तोंडात जाते. त्या बाईस आपले नावही ठाऊक नसते, आणि आपल्या घरातील कोणती काच कधी फुटली हे आपणही विसरलेले असतो. म्हणून तुकडे जाड कागदात गुंडाळून जुन्या पत्र्याच्या डब्यात भरावेत, डब्यास झाकण लावावे, वर 'काच' असे ठळक लिहावे आणि भंगारवाला येईल तेव्हा त्यास सांगून द्यावेत. फुटकी काच पुन्हा वितळवून नवी करता येते. टाचेतील जखम मात्र ऐन लावणीच्या दिवसांत घरातला एक हात अडवून ठेवते.

काच कोठे फुटावी हे ठरविण्याची विद्या ज्याने हस्तगत केली, त्याने तिचे तुकडे कोठे जावेत हेही ठरविले पाहिजे. रेघ ओढण्यास एक क्षण लागतो. डब्याचे झाकण लावण्यासही तेवढाच.